वसईच्या खडकांनी सुई हलवली: गोव्याच्या एका व्हाइसरॉयची विसरलेली मोजमापं

जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची उभी चित्रं ओळीने लावलेली आहेत. शाळेच्या सहली येतात, पोरं दाढ्या आणि तलवारी बघत पुढे सरकतात. आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं काढून घ्यायची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने गोव्यावर राज्य केलं अवघी पावणेतीन वर्षं. त्याचं नाव दों जुआंव द कास्त्रो.

पोर्तुगालमध्ये हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. दीवचा वेढा उठवणारा, कर्जासाठी दाढीचे केस तारण पाठवणारा, कफल्लक अवस्थेत मेलेला इमानदार व्हाइसरॉय अशी त्याची तिथली ख्याती. आपल्या किनाऱ्यावर त्याची आठवण वेगळी असायला हवी, कारण दाभोळ त्याने जाळलं. पण या दोन्ही ओळखींच्या आड एक तिसरा माणूस आहे आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. हा माणूस जहाजाच्या फळीवर उभा राहून सकाळ-दुपार सावली मोजत असे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची इतकी पद्धतशीर मोजणी त्याच्याआधी समुद्रावर कुणी केल्याची नोंद नाही, आणि त्या मोजणीतला एक महत्त्वाचा भाग गोव्यापासून दीवपर्यंतच्या आपल्याच किनाऱ्यावर झाला.

भूमिती शिकलेला शिपाईगडी

कास्त्रोचा जन्म १५०० साली लिस्बनमध्ये झाला. घराणं मोठं, वडील राजाच्या दरबारी वरच्या हुद्द्यावर. धाकट्या मुलाने चर्चमध्ये जावं असा घरचा विचार होता, त्यामुळे शिक्षण चांगलं मिळालं. गणित शिकवायला होता पेद्रु नुनिश, त्या काळातला पोर्तुगालचा सर्वांत मोठा गणिती. सोबत शिकायला राजाचा भाऊ दों लुईश. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे कास्त्रोने प्रवासात जे जे लिहिलं, त्यात या राजपुत्राचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

अठराव्या वर्षी हा मुलगा चर्चऐवजी आफ्रिकेतल्या तांजियरला लढायला गेला. तिथे बरीच वर्षं काढली. १५३५ मध्ये ट्युनिसच्या मोहिमेत तो बादशहा पाचव्या चार्ल्सच्या बाजूने लढला. बादशहा देत असलेलं बक्षीस त्याने नाकारलं, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

१५३८ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा हिंदुस्थानकडे निघाला. नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याचा ताफा एप्रिलमध्ये लिस्बनहून सुटला आणि त्यातल्या 'ग्रिफो' जहाजाचा कप्तान कास्त्रो होता. सामानात तलवारीबरोबर नुनिशने आखून दिलेलं एक सावलीचं यंत्रही होतं. गुरूने शिष्याला काम दिलं होतं: मी कागदावर मांडलेल्या रीती समुद्रावर चालतात का, ते बघून ये.

सुई खोटं बोलते, पण किती?

होकायंत्र, आपले कोकणातले नाखवे ज्याला 'होका' म्हणतात, ते उत्तर दाखवतं असं आपण सहज म्हणतो. खरं तर सुई दाखवते चुंबकीय उत्तर. खरी उत्तर, म्हणजे पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याची दिशा, तिच्यापासून थोडी बाजूला असते. या दोन दिशांमधल्या कोनाला दिक्पात म्हणतात. कुठे तो पूर्वेला, कुठे पश्चिमेला, कुठे शून्य. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या भूशिराला पोर्तुगीजांनी 'अगुल्हास' म्हणजे सुया हे नाव दिलं. त्या काळी तिथे सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेला उभी राहायची, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

हा कोन म्हणजे पंडितांचा खेळ नव्हता. दिशा एका अंशाने चुकली, तर साठ मैलांमागे जहाज एक मैल बाजूला जातं. हजार मैलांवर सतरा मैलांचा फरक पडतो. रात्रीच्या वेळी सतरा मैल म्हणजे मोकळा समुद्र की खडक, एवढा फरक. लिस्बन ते गोवा या वाटेवर दिक्पात एका अंशाने नाही, कितीतरी अंशांनी बदलायचा. माणसं मरत होती, जहाजं फुटत होती, आणि खलाशी आपापल्या अंदाजाने सुई 'सुधारून' घेत होते.

याच्या जोडीला एक मोठा गैरसमजही होता. समुद्रावर अक्षांश काढता यायचा, रेखांश नाही. मग काही विद्वानांनी ठरवून टाकलं की दिक्पात पूर्व-पश्चिम अंतराच्या प्रमाणात बदलतो, म्हणून सुई किती ढळली ते बघा आणि रेखांश ओळखा. कल्पना आकर्षक होती. तपासून कुणी पाहिली नव्हती.

नुनिशच्या यंत्राची कल्पना अगदी साधी आहे. एक गोल सपाट तबकडी, कडेला अंशांच्या खुणा, मधोमध उभी काडी आणि तबकडीतच बसवलेली चुंबकाची सुई. सकाळी सूर्य ठरावीक उंचीवर आला की काडीची सावली कुठल्या अंशावर पडते ते टिपायचं. सूर्याची उंची पितळी अ‍ॅस्ट्रोलेबने मोजायची. दुपारनंतर सूर्य उतरताना पुन्हा बरोबर त्याच उंचीवर आला, की दुसऱ्यांदा सावली टिपायची. सूर्य सकाळी आणि दुपारी सारख्या उंचीवर असताना खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखाच दूर असतो. त्यामुळे सुई खरी असेल तर सुईपासून मोजलेले दोन्ही कोन सारखे यायला हवेत. समजा सकाळी सावली सुईच्या पश्चिमेला ७० अंशांवर पडली आणि दुपारी पूर्वेला ५० अंशांवर. फरक २० अंश, त्याचा अर्धा १०. म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून १० अंश पूर्वेला कललेली आहे.

कॉमर्सवाल्यालाही जमेल असं हे गणित आहे, म्हणून इतकं सविस्तर दिलं. आपल्याकडे देवळाची दिशा साधताना जमिनीवर शंकू रोवून त्याभोवती वर्तुळ काढायचे आणि सकाळ-दुपारच्या सावल्यांवरून पूर्व-पश्चिम रेषा ठरवायचे. शुल्बसूत्रांतली ती रीत आणि ही रीत मुळात एकच. इथे फक्त मधोमध सुई आली आणि खालची जमीन हलती झाली.

हलत्या जहाजावर हे करणं किती कठीण असेल, याची कल्पना बोटीने समुद्रात गेलेल्याला येईल. कास्त्रो त्यासाठी एकट्याच्या डोळ्यांवर विसंबला नाही. जहाजावरच्या वेगवेगळ्या माणसांना एकाच वेळी सूर्याची उंची घ्यायला लावायची आणि कुणाचं माप किती वेगळं आलं ते लिहून ठेवायचं, ही त्याची पद्धत. मोठ्या घराण्यातला कप्तान कामगारांचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी लिहितो, हे मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तोफ आणि खडक

१५३८ ते १५४१ या काळातल्या त्याच्या प्रवासांतून दिक्पाताचे ४३ वेध मिळतात. पुढे खूप उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने ते नव्याने वाचले, आणि सागरी शोधांच्या युगातल्या शास्त्रीय निरीक्षकांत कास्त्रोला सर्वांत वरची जागा दिली.

या वेधांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे रेखांशाचा तो आकर्षक सिद्धांत मोडून काढला. दिक्पात अंतराच्या प्रमाणात बदलत नाही. जिथे वाढायला हवा तिथे कमी होतो, आणि दूरदूरच्या जागी सारखाच भरतो. सुईवरून रेखांश काढता येणार नाही, हे त्याने स्वतःच्या आकड्यांवरून म्हटलं. राजदरबारी ज्या कल्पनेवर मोठ्या आशा होत्या, ती खोटी ठरवायला थोडं धाडस लागतं.

दुसरी गोष्ट घडली ऑगस्ट १५३८ मध्ये, मोझांबिकजवळ. वेध जुळेनात. यंत्र तेच, माणसं तीच, सूर्य तोच, तरी सुई वेगळंच सांगत होती. कास्त्रोने आजूबाजूला पाहिलं आणि कारण शोधलं. सुईजवळ तोफ होती आणि तोफेचं लोखंड सुईला आपल्याकडे ओढत होतं. आज ही गोष्ट लहान मुलालाही कळते. पण युद्धनौका म्हणजे लोखंडाचं भांडार, आणि तिथेच होकायंत्र ठेवून माणसं अर्धी पृथ्वी पालथी घालत होती. जहाजातल्या लोखंडामुळे सुई ढळते या शोधाचं श्रेय बराच काळ १६६६ सालच्या गियोम देनी या फ्रेंच माणसाला दिलं जायचं. कास्त्रोची नोंद त्याच्या १२८ वर्षं आधीची.

तिसरी गोष्ट आपल्या दाराशी. ताफा सप्टेंबर १५३८ मध्ये गोव्याला पोहोचला. तिकडे दीवला तुर्की आरमाराचा वेढा पडला होता, म्हणून व्हाइसरॉय नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडे निघाला. कास्त्रो बरोबर होता. दाभोळ, चौल, मुंबई, वसई असं करत ताफा चालला. डिसेंबरमध्ये वसईच्या परिसरात त्याने वेध घेतले, तेव्हा थोड्याथोडक्या अंतरावर सुईचं माप बदलताना दिसलं. या वेळी तोफेवर खापर फोडता येत नव्हतं. त्याने निष्कर्ष काढला की कारण खाली आहे, पाण्यातल्या खडकांत.

तो बरोबर होता. आपला काळा पाषाण, बसाल्ट, हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला गोळा आहे. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा या खनिजात गोठून राहते. उत्तर कोकणापासून बेळगाव जिल्ह्यातल्या माळरानांपर्यंत आणि तिकडे इंदूरच्या माळव्याच्या पठारापर्यंत हाच दगड पसरला आहे. विसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी याच दगडातलं गोठलेलं चुंबकत्व मोजून हिंदुस्थान एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे दाखवलं. कास्त्रोला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. खडकामुळे सुई हलते एवढंच त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं.

किनाऱ्याची वही

गोवा ते दीव या प्रवासाचं त्याने जे 'रोतेरु' म्हणजे मार्गवर्णन लिहिलं, त्यात फक्त चुंबकाची गोष्ट नाही. खाड्यांची तोंडं, पाण्याची खोली, भरती-ओहोटीच्या वेळा, कुठे नांगर टाकावा, कुठे गोडं पाणी मिळतं, सगळं आहे. सोबत बंदरांची रंगीत चित्रं. आपल्या किनाऱ्याचं इतकं तपशीलवार वर्णन त्याच्याआधी कुणा युरोपियनाने केलेलं नाही.

घारापुरीची लेणी बघून तो थक्क झाला. तिथेही मोजमाप काढायची सवय सुटली नाही, त्याने लेण्यांची मापं घेऊन ठेवली. हे मानवी हातांचं काम असेल यावर विश्वास बसू नये इतकं ते मोठं आहे, अशा अर्थाचं वर्णन त्याने केलं आहे. त्याच काळात इतर पोर्तुगीज मूर्ती फोडत होते. देवळांबद्दल कास्त्रोचं राजकीय धोरणही काही उदार नव्हतं. माणूस एकाच वेळी दोन असू शकतो.

१५४१ मध्ये तो इश्तेव्हांव द गामा या गव्हर्नरबरोबर, म्हणजे वास्कोच्या मुलाबरोबर, तांबड्या समुद्रात गेला. मस्सावा, सुआकिन करत ताफा सुएझपर्यंत पोहोचला. लष्करीदृष्ट्या या मोहिमेतून फारसं काही निघालं नाही. कास्त्रोने मात्र तिसरं रोतेरु लिहून काढलं. समुद्राला तांबडा का म्हणतात, हे बघायला त्याने पाणी काढून पाहिलं. पाणी स्वच्छ निघालं. लाली तळच्या पोवळ्यांची आहे, असं त्याने ठरवलं. १५४२ मध्ये तो पोर्तुगालला परतला. सिंत्राच्या डोंगरात त्याची 'पेन्हा व्हेर्दे' नावाची वाडी होती, तिथे जाऊन राहिला.

गव्हर्नर

१५४५ मध्ये राजाने त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी गव्हर्नर म्हणून. आल्व्हारु आणि फेर्नांदु ही दोन मुलं बरोबर घेऊन तो सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला.

समोर पहिला प्रश्न पैशाचा होता. आधीच्या गव्हर्नरने तांब्याच्या बाजारूक नाण्याची किंमत धातूच्या मानाने फुगवून ठेवली होती. बाजारात धान्य आणणाऱ्यांनी ते घ्यायला कुरकुर केली आणि हाल झाले गरिबांचे. कास्त्रोने जुनी किंमत परत आणली. युद्धवर्णनांत हे दोन ओळींत उरकतात. गोव्याच्या बाजारातल्या बाईला मात्र दीवच्या विजयापेक्षा हे जास्त कळलं असेल.

दुसरा प्रश्न विजापूरचा. आदिलशाही गादीवर हक्क सांगणारा एक शहजादा पोर्तुगीजांच्या आश्रयाला गोव्यात होता. या राजकारणाच्या मुळाशी बेळगावचा असदखान लारी होता, ज्याच्या नावाशी बेळगाव किल्ल्यातली सफा मशीद जोडली जाते. इब्राहिम आदिलशहाला शहजादा ताब्यात हवा होता. कास्त्रोने तो दिला नाही. तिथून सासष्टीत चकमकी सुरू झाल्या, त्या त्याच्या मरणापर्यंत संपल्या नाहीत. १५४७ मध्ये त्याने विजयनगरशी तह केला. गोव्यात उतरणारे अरबी घोडे विजापूरला न जाता विजयनगरला जावेत हा त्याचा गाभा. त्याच वर्षी अहमदनगरच्या निजामशहाशीही करार झाला. सीमाभागातल्या आपल्या गावांच्या डोक्यावरून त्या काळी किती दरबारांचे दोर ओढले जात होते, ते यावरून दिसतं.

आणि तिसरं म्हणजे दीव. एप्रिल १५४६ मध्ये गुजरातच्या सुलतानाच्या फौजेने दीवचा किल्ला वेढला. मुख्य सरदार ख्वाजा सफर तोफेच्या गोळ्याने मेला, तरी वेढा उठला नाही. कास्त्रोने आधी धाकट्या फेर्नांदुला मदतीला पाठवलं. ऑगस्टमध्ये शत्रूने सुरुंग लावून एक बुरूज उडवला, त्यात फेर्नांदु गेला. मग थोरला आल्व्हारु गेला. शेवटी नोव्हेंबरमध्ये कास्त्रो स्वतः ताफा घेऊन पोहोचला आणि किल्ल्याबाहेर पडून हल्ला चढवत वेढा मोडला.

पोर्तुगीज इतिहासात इथे पडदा पडतो. गुजरातच्या किनाऱ्यावर मात्र नंतर जे झालं ते भीषण होतं. त्याच्या सरदारांनी गावं जाळली, नुसत्या दहशतीसाठी माणसं मारली. दाभोळची पाळीही आली. याच दाभोळला नऊ वर्षांपूर्वी त्याने खाडीचं तोंड आणि पाण्याची खोली लिहून ठेवली होती. मोजलेला किनारा जाळायला सोपा जातो, हे त्याला कळत नसेल असं मानणं अवघड आहे. रोतेरु हे नौकानयनाचं पुस्तक होतं, तसं ते स्वारीचंही पुस्तक होतं.

दाढीवर कर्ज

वेढा उठला तेव्हा दीवचा किल्ला ढिगारा झाला होता. बांधायला पैसा नव्हता. २३ नोव्हेंबर १५४६ रोजी कास्त्रोने गोव्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून वीस हजार पर्दांव कर्ज मागितलं. तारण काय देणार? सोनं नाही, चांदी नाही. मुलाची, फेर्नांदुची, हाडं गहाण ठेवावीत म्हणून थडगं उघडलं, पण प्रेत अजून त्या अवस्थेत नव्हतं. मग त्याने आपल्या दाढीचे केस कापून पत्राबरोबर पाठवले.

बँकेत कर्जाच्या फायली हाताळणाऱ्यांनी हे तारण जरा डोळ्यांपुढे आणावं. बाजारात किंमत शून्य. जप्त करून विकता येत नाही. तरी गोव्याच्या व्यापाऱ्यांनी रक्कम दिली आणि केस सन्मानाने परत केले. बायकांनी दागिने पाठवले असंही सांगतात. पुढे कर्ज फिटलं, दागिने परत गेले, अशी चरित्रकारांची नोंद आहे. या गोष्टीवर शंभर वर्षांनी लिहिलेल्या चरित्राचं बरंच पॉलिश चढलेलं आहे हे खरं. पण शहराने पैसे दिले यात शंका नाही.

एप्रिल १५४७ मध्ये तो गोव्यात परतला, तेव्हा शहराने रोमन सेनापतीसारखी त्याची मिरवणूक काढली. डोक्यावर पानांचा मुकुट होता. या मिरवणुकीचे भव्य विणलेले पडदे पुढे ब्रसेल्समध्ये तयार झाले आणि आज ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. सावलीच्या यंत्राचा पडदा मात्र कुणी विणला नाही.

त्याच वर्षी त्याने आधीच्या गव्हर्नरांची चित्रं काढायचं ठरवलं. काम सोपवलं गाश्पार कुरैय या इतिहासकाराकडे, ज्याने त्यातल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्ष पाहिलं होतं. ब्रश धरला एका स्थानिक चित्रकाराने. त्याचं नाव इतिहासाने ठेवलं नाही.

राजाने त्याला व्हाइसरॉय केल्याची बातमी १५४८ मध्ये आली, तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. ६ जून १५४८ रोजी गोव्यात तो वारला. शेवटच्या दिवसांत फ्रान्सिस झेवियर जवळ होता. घरात औषधपाण्यालाही पुरेसे पैसे नव्हते, म्हणून शहराकडे सोय करायला सांगितलं होतं, असं चरित्रकार लिहितात. वय ४८.

सुईचं पुढे काय झालं

त्याची रोतेरु हस्तलिखितंच राहिली. तांबड्या समुद्राचं एक रूप १६२५ मध्ये इंग्रजीत छापलं गेलं, कारण त्याची प्रत सर वॉल्टर रॅलेच्या हाती लागली होती. मूळ पोर्तुगीजमध्ये तेच १८३३ मध्ये पॅरिसला छापलं. गोवा ते दीव हे आपलं रोतेरु १८४३ मध्ये पोर्तूला, आणि लिस्बन ते गोवा हे तर १८८२ मध्ये. म्हणजे वसईच्या खडकाची नोंद छापून बाहेर यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली.

मधल्या काळात इतरांनी तेच रस्ते पुन्हा चालले. एडमंड हॅलीने 'पॅरामूर' जहाजावरून अटलांटिकमध्ये दिक्पात मोजला आणि १७०१ मध्ये सारख्या दिक्पाताच्या रेषांचा नकाशा छापला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदी सुरू झाल्या १८४१ मध्ये, म्हणजे कास्त्रोचं गोवा-दीव रोतेरु छापखान्यात जायच्या दोन वर्षं आधी. तिथल्या सुया रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या असायच्या आणि दुर्बिणीतून वाचल्या जायच्या.

त्या सुयांनाही शेवटी लोखंड आणि विजेनेच हुसकावलं. मुंबईत घोड्याच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली अलिबागला. लोखंड नसलेली, पोरबंदरच्या दगडाची इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुन्या खात्याची बाकी नव्या खात्यात बिनचूक ओढता यावी. मग कुलाब्याचं काम थांबलं आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. कास्त्रोचा ताफा जिथून गेला ते चौल तिथून दक्षिणेला वीस किलोमीटरही नाही.

कास्त्रोची हाडं आधी गोव्यात पुरली आणि नंतर पोर्तुगालला नेली. सिंत्राच्या पेन्हा व्हेर्देमध्ये एक शिलालेख आहे, संस्कृतातला, गुजरातच्या सारंगदेव वाघेल्याच्या काळचा, विक्रम संवत १३४३ चा. मूळचा तो सोमनाथ परिसरातला. दीवच्या मोहिमेनंतर कास्त्रोने तो पाठवला असं मानलं जातं. एकोणिसाव्या शतकात पंडितांनी त्याचं वाचन करून छापलं, तोवर सिंत्राच्या त्या वाडीत तो कुणाला वाचता येत नव्हता.